पडलेल्या वर्षाचा हजेरीपट

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एका क्लबचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा स्ट्रायकर. नऊ मोसम खेळला, एक चषक जिंकून दिला. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला त्याच वर्षी त्याचा करार संपत होता. तो उठला आणि थेट कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेला. आता तो निवृत्त झालाय आणि क्लब एका स्टँडला त्याचं नाव द्यायचं म्हणतोय. अशा माणसाला लेजंड म्हणायचं का? आणि मुळात लेजंड ठरतो कशावर? वर्षांवर, गोलांवर की चषकांवर?

मी चौदा वर्षं बचावफळीत खेळलो, त्यानंतर वीसेक वर्षं युवा संघांना शिकवलं. त्यामुळे स्ट्रायकर मंडळींबद्दल माझ्या मनात थोडी अढी असणार, हे आधीच कबूल करून टाकतो. पण हाच प्रश्न मला एकदा समितीत बसून सोडवावा लागला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी ज्या क्लबात शिकवायचो तिथे ठरलं, की ड्रेसिंग रूममधून मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या भिंतीवर क्लबच्या अकरा थोर खेळाडूंचे फोटो लावायचे. आम्ही पाच जण समितीत. सचिवांनी तक्ता छापून आणला होता: सामने, गोल, चषक. वरची अकरा नावं घ्या आणि मोकळे व्हा, असा एकूण सूर. आमच्यात किट सांभाळणारे एक काका होते, चाळीस वर्षं जर्स्या धुतलेले. त्यांनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आपण खाली पडलो त्या वर्षाचा हजेरीपट काढा." त्या वर्षी तीन महिन्यांचे पगार थकले होते. सरावाला आलंच पाहिजे हा नियम कागदावर होता, पण विचारणारं कुणी उरलं नव्हतं. वही निघाली. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, सह्या मात्र स्वच्छ. फेब्रुवारीपर्यंत रोज पंचवीस सह्या. मार्चमध्ये सोळा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नऊ. त्या नवांत एक लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, होता, अकरा मोसमांत मिळून तीन गोल केलेला. सचिवांच्या तक्त्यात तो पार तळाला होता. भिंतीवर त्याचा फोटो सर्वांत आधी नक्की झाला.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडची म्हण आहे. घर फिरलं तरी जो वासा जागचा हलला नाही, तो माझ्या लेखी लेजंड. बाकीचं सगळं त्यानंतर.

मोठ्या क्लबांकडे बघा, हेच दिसेल. २००६ चा जुलै. इटलीने बर्लिनमध्ये विश्वचषक जिंकला. त्या संघातला अलेसांद्रो देल पिएरो काही दिवस विश्वविजेता म्हणून मिरवतो न मिरवतो तोच, सामन्यांच्या पंच-नेमणुकांतल्या घोटाळ्यावरून त्याच्या युव्हेंटसला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकलण्यात आलं, वर गुणही कापले. त्याच विश्वविजेत्या संघाचा कर्णधार कानावारो रेआल माद्रिदला गेला. झाम्ब्रोता आणि थुराम बार्सिलोनाला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा तर चक्क कट्टर प्रतिस्पर्धी इंटरला. कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, व्यवसाय आहे. पण देल पिएरो राहिला. बुफाँ राहिला, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेसी राहिले. सप्टेंबरमध्ये युव्हेंटस रिमिनीच्या छोट्याशा मैदानात पहिला सामना खेळायला उतरला आणि १-१ अशी बरोबरी घेऊन परतला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी रिमिनी! त्या मोसमात देल पिएरो दुसऱ्या डिव्हिजनमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि पुढच्या मोसमात, वरच्या डिव्हिजनमध्ये परतल्यावर, तिथलाही. युव्हेंटससाठी त्याचे सामने ७०५, गोल २९०. हे आकडे मोठेच आहेत. पण मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याला बदलून बाहेर काढलं, तेव्हा सामना चालू असतानाच तो मैदानाला फेरी मारायला निघाला, लोक वरून मफलर फेकत होते, आणि आत चेंडूचं काय चाललंय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते प्रेम त्या २९० गोलांचं होतंच, पण रिमिनीच्या त्या दुपारचंही होतं, असं मी मानतो.

जेमी वार्डीचं उदाहरण अजून ताजं आहे. २०१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला, त्यानंतर लगेच आर्सेनलने त्याला मागणी घातली. तो गेला नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २०२३. लेस्टर घसरलं, पथकातली बरीच मोठी नावं पांगली, आणि छत्तिशीत असलेला हा माणूस खालच्या डिव्हिजनमध्ये खेळून क्लबला पुन्हा वर घेऊन आला. २०२५ मध्ये क्लब परत घसरला, तो भाग वेगळा. लेस्टरकडून शेवटचा सामना त्याचा पाचशेवा होता, आणि त्यात त्याने केलेला गोल दोनशेवा. एवढा हिशेबी शेवट कुणी मुद्दाम रचू म्हटलं तरी रचता येणार नाही.

आता एक भाषेची गंमत. 'लेजंड'साठी आपण मराठीत दोन शब्द वापरतो: दिग्गज आणि दंतकथा. दिग्गज म्हणजे आठ दिशा तोलून धरणारे हत्ती. तो शब्द आकाराचा आहे, वजनाचा आहे. गोल, सामने, चषक मोजून दिग्गज ठरवता येतो. दंतकथा वेगळी. ती तोंडातोंडी पुढे जाते. ज्याने त्या खेळाडूला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही अशा पोराला बापाने सांगितलेली गोष्ट, ती दंतकथा. क्लबला दिग्गज बरेच असतात. दंतकथा एका पिढीला एखादी, फार तर दोन. सर्वाधिक गोल करणारा माणूस दिग्गज असतोच. त्याची दंतकथा होईल की नाही, हे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे यावर अवलंबून.

ॲलन शिअररचं बघा, म्हणजे मुद्दा स्वच्छ होईल. १९९५ मध्ये त्याने ब्लॅकबर्नला लीग जिंकून दिली, त्या मोसमात ३४ लीग गोल केले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मँचेस्टर युनायटेडला नकार देऊन १५ दशलक्ष पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला तो आपल्या जन्मगावच्या न्यूकॅसलला गेला. तिथे दहा वर्षांत २०६ गोल केले, क्लबचा विक्रम मोडला, आणि चषक? एकही नाही. ब्लॅकबर्नमध्ये त्याचं कौतुक आहे. न्यूकॅसलमध्ये त्याचा पुतळा आहे. चषकांवरच सगळं ठरत असतं तर हे उलटं व्हायला हवं होतं.

वर्षांचं काय? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण 'एकाच क्लबचा माणूस' या गोष्टीचं फार भाबडं कौतुक होतं. जुन्या काळातल्या निष्ठेच्या गोष्टी ऐकताना त्या काळचे नियम विसरू नका. टॉम फिनी प्रेस्टनकडून अख्खी कारकीर्द खेळला. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोने त्याला दहा हजार पौंड हातात, शिवाय बंगला आणि गाडी देऊ केली होती. क्लबच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं आणि विषय संपला. इंग्लंडमध्ये तेव्हा करार संपला तरी क्लबच्या मर्जीशिवाय खेळाडूला हलता येत नसे, आणि पगाराला कमाल मर्यादा होती; ती १९६१ मध्ये उठली तेव्हा आठवड्याला २० पौंड होती. फिनी मोठा होताच, देशाचा खेळाडू असून फावल्या वेळात प्लंबिंगची कामं करायचा. पण त्याचं राहणं हा संपूर्णपणे त्याचा निर्णय नव्हता. करार संपलेल्या खेळाडूला युरोपात मोकळेपणाने जाता येऊ लागलं ते डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालानंतर. म्हणून त्यानंतरची पंधरा वर्षं आणि त्याआधीची पंधरा वर्षं मी एका तराजूत घालत नाही. उलट जिथे दरवर्षी क्लब बदलायची मुभा होती, तिथलं राहणं जास्त मोलाचं. कोलकात्याच्या लीगमध्ये खेळाडूंची पळवापळवी हा दरवर्षीचा तमाशा असायचा. त्या गदारोळात चुनी गोस्वामी १९५४ ते १९६८ मोहन बागानचेच राहिले. १९६२ च्या एशियाड सुवर्णविजेत्या संघाचा कर्णधार होता हो तो, ज्याच्या दारात इतर क्लबांचे लोक रांग लावतील असा माणूस.

स्पेनमधला अथलेटिक बिल्बाओ हा क्लब २०१५ पासून एकाच क्लबकडून कारकीर्द काढलेल्या परक्या खेळाडूला पुरस्कार देतो. पहिला दिला साउथहॅम्प्टनच्या मॅट ल टिसिएला. सोळा वर्षं, २०९ गोल, मोठा चषक शून्य, आणि बहुतेक मोसम घसरणीच्या उंबरठ्यावर काढलेले. २००१ मध्ये त्यांच्या जुन्या 'डेल' मैदानावरच्या शेवटच्या लीग सामन्यात ८९ व्या मिनिटाला आर्सेनलविरुद्ध विजयी गोल कुणाचा असावा? त्याचाच. दुसऱ्या वर्षी पुरस्कार एसी मिलानच्या पाओलो माल्दिनीला मिळाला, पाच युरोपीय विजेतेपदं आणि ९०२ सामनेवाल्याला. दोघं एकाच यादीत शेजारी बसतात, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

माझ्या हजेरीपटाच्या कसोटीत न बसणारेही आहेत, आणि ते लपवून चालणार नाही. एरिक काँतोना मँचेस्टर युनायटेडकडे साडेचार वर्षं होता. १८५ सामने, ८२ गोल. वेन रूनीचे २५३, क्लबचा सर्वोच्च आकडा. तरी आजही गाणं ऐकू येतं ते काँतोनाचं. का? तो आला तेव्हा युनायटेडने २६ वर्षं लीग जिंकली नव्हती. नोव्हेंबर १९९२ मध्ये तो आला आणि मे १९९३ मध्ये ती जिंकली. म्हणजे पडता काळ सोसणारे जसे असतात तसे पडता काळ संपवणारेही असतात. माराडोना नेपल्सला गेला तेव्हा नापोलीने एकदाही लीग जिंकलेली नव्हती. १९८७ आणि १९९० मध्ये जिंकली, आणि २०२० मध्ये त्याचं निधन झाल्यावर काही दिवसांतच स्टेडियमला त्याचं नाव लागलं. रूनीने मात्र २०१० मध्ये क्लब सोडायची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली आणि काही दिवसांत नव्या करारावर सही केली. त्यानंतरही तो सात मोसम राबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आदर केला. पण माझ्या मते एक तडा गेला तो गेलाच.

मला व्यक्तिशः सर्वांत भिडणारी गोष्ट बर्ट ट्राउटमनची. जर्मन छत्रीधारी सैनिक, युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आलेला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला गोलकीपर म्हणून घेतलं तेव्हा युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. सुमारे वीस हजार लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. सिटीचा कर्णधार एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढलेला. त्याने सांगून टाकलं की या ड्रेसिंग रूममध्ये युद्ध नाही. शहरातल्या ज्यू धर्मगुरूंनी, अलेक्झांडर आल्टमन यांनी, एका माणसाला साऱ्या देशाच्या पापाची शिक्षा देऊ नका असं जाहीर आवाहन केलं. पहिल्याच मोसमात सिटी खाली घसरलं. ट्राउटमन राहिला. १९५६ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात, सतरा मिनिटं उरलेली असताना, बर्मिंगहॅमच्या खेळाडूच्या पायांवर झेप घेताना त्याच्या मानेला मार बसला. तेव्हा बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. मान धरून, डोळ्यांपुढे धूसर दिसत असताना त्याने आणखी चेंडू अडवले; सिटी ३-१ ने जिंकलं. काही दिवसांनी एक्स-रे काढला तर मणका मोडलेला. १९६४ मध्ये त्याच्या निरोपाच्या सामन्याला ४७ हजारांच्या आसपास लोक आले. पंधरा वर्षांपूर्वी निषेधाला उतरलेल्यांतले किती जण त्यात असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

प्रेक्षकांना न दिसणारी एक बाजू सांगतो, कारण आम्ही शिकवणारे लोक ती रोज बघतो. टॉटनहॅमच्या लेडली किंगच्या गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपली होती. आठवडाभर तो संघाबरोबर सराव करू शकत नसे. पोहायचा, जिममध्ये व्यायाम करायचा आणि शनिवारी मैदानात उतरून समोरच्या स्ट्रायकरला खिशात घालायचा. ज्यांनी कधी बर्फाची पिशवी बांधून बाकावर बसलेला सेंटर बॅक जवळून पाहिलाय त्यांना कळेल, त्या एका शनिवारची किंमत काय असते. त्या क्लबात तेव्हा त्याच्याहून महागडे खेळाडू होते. तरुण पोरं पाहत होती ती किंगकडे. लेजंडचं खरं काम बरंचसं तिथे होतं: उशिरा सुटलेल्या सरावानंतर शंकू गोळा करणारा सीनियर असेल, तर सतरा वर्षांचा पोरगा आपली बॅग उचलायला दुसऱ्याला सांगत नाही. शिकवणीत मी शंभर भाषणं दिली असतील, त्यातलं एकही एवढं लागू पडलं नाही.

लेजंड कोण हे क्लबची कचेरी ठरवत नाही, हेही समितीत बसून कळतं. इकेर कासियासने रेआल माद्रिदसाठी ७२५ सामने खेळले, युरोपचे तीन मुकुट जिंकले, आणि जुलै २०१५ मध्ये पत्रकारांसमोर टेबलाशी एकटा बसून, रडत, निरोपाचं निवेदन वाचून निघून गेला. कचेरीने निरोप नीट दिला नाही म्हणून त्याचं काही कमी झालं नाही. उलटही घडतं. माल्दिनीच्या सान सिरोवरच्या शेवटच्या सामन्यात, मे २००९ मध्ये, त्याच्याच क्लबच्या कट्टर समर्थकांच्या एका गटाने जुन्या भांडणावरून शिट्ट्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात फ्लोरेन्समध्ये परक्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हणजे स्टँडही दरवेळी शहाणाच असतो असं नाही. वीस वर्षं जाऊ द्यावी लागतात.

आणि गेलेला माणूस परत येतो तेव्हा काय? सांती काझोर्ला रेआल ओव्हिएदोच्या युवा संघात वाढला. २००३ मध्ये क्लब आर्थिक संकटात बुडाला तेव्हा त्याला बाहेर पडावं लागलं. बाहेर नाव कमावून, घोट्याच्या दुखापतीत पाय गमावता गमावता वाचून, २०२३ मध्ये तो नियमाने द्यावा लागतो तेवढाच किमान पगार घेऊन परतला, जर्स्यांच्या विक्रीतला वाटाही युवा संघासाठी ठेवायला लावला. जून २०२५ मध्ये ओव्हिएदो २४ वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलं, निर्णायक सामन्यात चाळिशीतल्या काझोर्लाने पेनल्टीवर गोल केला. मुख्य संघाकडून त्याचे सामने फारसे नाहीत. त्या गावात हा हिशेब मांडायला गेलात तर हाकलून देतील.

आता तुमच्या स्ट्रायकरकडे येतो. 'प्रतिस्पर्ध्याकडे गेला म्हणजे गद्दार' हे मी मानत नाही. योहान क्रायफचं १९८३ मध्ये काय झालं? आयाक्सने करार वाढवला नाही, म्हणून तो थेट कट्टर प्रतिस्पर्धी फायनूर्दला गेला. सप्टेंबरमध्ये आयाक्सकडून ८-२ असा मार खाल्ला आणि मोसम संपताना फायनूर्दला लीग आणि चषक दोन्ही मिळवून दिलं, वयाच्या ३७ व्या वर्षी. आज आयाक्सच्या स्टेडियमवर त्याचंच नाव आहे. कारण साथ आधी कुणी सोडली हे लोकांना ठाऊक होतं. म्हणून पहिली चौकशी ही करा: घसरणीच्या वर्षी तुमच्या क्लबने त्याच्यापुढे नवा करार ठेवला होता का? क्लबने पैसे वाचवायला त्याला वाऱ्यावर सोडलं असेल, तर त्याचा राग खेळाडूवर काढू नका. मी स्वतः अशा प्रसंगी दोन-तीन खेळाडूंना "जा, आपलं बघ" असं सांगितलेलं आहे. कारकीर्द बारा-पंधरा वर्षांची, एका दुखापतीने संपणारी.

पण करार समोर होता, बाकीचे पगार कमी करून राहत होते आणि तो उठून गेला असेल, तर त्याचा गोलांचा आकडा फलकावर ठेवा, तो त्याने घाम गाळून कमावलाय. जुन्या खेळाडूंच्या जेवणाला त्याला मानाने बोलवा. स्टँडला नाव मात्र आत्ता देऊ नका. निवृत्तीनंतर निदान दहा वर्षं थांबायचं, असा नियमच करून घ्या. आमच्या समितीने तो पुढे केला आणि त्याने बरीच भांडणं वाचली. तोवर त्या पडलेल्या मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्याची संघयादी कचेरीतून मागवा. संघ आधीच खाली गेलेला, हातात काहीच उरलेलं नाही, अशा दिवशी कोण अकरा जण उतरले होते ते बघा. त्यातली दोन नावं तरी अशी निघतील, ज्यांच्याबद्दल अजून कुणी सभेत विषयच काढलेला नाही.